दांडगा जनसंपर्क

गेल्या महिन्यात माझ्या पुण्याच्या मामेबहिणीला नाशिकचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनिअर, माणसं बरी. बहीण पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात. सगळं जमत आलं असताना मुलाच्या आईने फोनवर विचारलं, "पीआरमध्ये आहे म्हणता, म्हणजे रात्रीच्या पार्ट्यांना वगैरे जावं लागतं का?" मामीला काय बोलावं कळेना. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री. मोठ्या मामांचं म्हणणं, त्या बाईंचं काय चुकलं, सिनेमात तसंच तर दाखवतात. आणि शेवटी मला टोमणा: "तुझं बरं आहे. लंडनला असलं कोणी विचारत नाही."

विचारतात हो मामा, फक्त हसत हसत विचारतात. मी नऊ वर्षं इथल्या एका नगरपालिकेच्या प्रेस ऑफिसात आहे. कुणाकडे जेवायला गेलं आणि काम सांगितलं, की टेबलावरचा एकजण तरी हेल काढून "स्वीटी, डार्लिंग" म्हणतोच. हे १९९२ साली बीबीसीवर सुरू झालेल्या 'अब्सोल्यूटली फॅब्युलस' या विनोदी मालिकेचं देणं. त्यातली एडिना पीआर करते, म्हणजे पिते, कपडे घेते आणि घोळ घालते. २०१६च्या चित्रपटात तर नवा क्लायंट गाठायच्या धडपडीत ती केट मॉस या सुपरमॉडेलला टेम्स नदीत पाडते. मीही हसले होते. एडिना झालेल्या जेनिफर सॉन्डर्ससमोर हसू आवरणं कठीणच.

'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन मालिकेतली समँथा जोन्स याहून नामांकित. स्वतःची पीआर कंपनी असलेली, कुणाची तमा न बाळगणारी. पण २०१०च्या चित्रपटात एक शेख तिला आपल्या हॉटेलच्या प्रसिद्धीसाठी अबू धाबीला नेतो, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या चुंबनापायी कामाची बैठकच रद्द होते. आख्ख्या दौऱ्यात तिने एक ओळ लिहिलेली मला तरी दिसली नाही.

आता याच धंद्यातला पुरुष घ्या. २००५च्या 'थँक यू फॉर स्मोकिंग'मधला निक नेलर माध्यमांत तंबाखू कंपन्यांची बाजू मांडतो. माणूस बेरकी, पण त्याला मुलगा आहे, त्याच्याशी वाद घालतो, आपण करतो ते बरोबर की चूक हा प्रश्न प्रेक्षकाला घरी घेऊन जावा लागतो. पुरुषाच्या वाट्याला पेच येतो आणि बाईच्या वाट्याला उंच टाचा. 'आपले सिनेमे बुरसटलेले, तिकडचे पुढारलेले' हे ग्रुपवरचं वाक्य म्हणूनच मला पटत नाही. तिकडचे विनोद अधिक चांगले लिहिलेले असतात, एवढंच.

एक अपवाद सांगते. २०२४चा 'स्कूप' हा चित्रपट, ब्रिटनचा तेव्हाचा प्रिन्स अँड्र्यू याने एपस्टीन प्रकरणावर २०१९मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीवरचा. अमांडा थर्स्क ही त्याची खासगी सचिव. हुद्दा वेगळा, पण त्या मुलाखतीपुरतं काम आमचंच. कीली हॉज ही भूमिका करते. मुलाखत चालू असताना साहेब बोलतायत आणि ही बाजूला बसून ऐकतेय. शब्द त्याचे, निस्तरायचं हिला. प्रक्षेपणानंतर चार दिवसांत राजपुत्राला सार्वजनिक कामातून बाजूला व्हावं लागलं. मी ते दृश्य बघताना नखं खात होते.

कारण आमचं काम असंच, बाजूच्या खुर्चीतलं. दुपारी साडेचारला पत्रकाराचा फोन येतो: पालिकेच्या घरांत भिंतींना बुरशी आहे, साडेपाचपर्यंत उत्तर द्या. खात्याचा प्रमुख म्हणतो, काही बोलू नका. मग त्याच्याशी भांडून, खरं असेल, वकिलाला चालेल आणि भाडेकरूला कळेल असं दोन ओळींचं उत्तर काढायचं. शॅम्पेन कुठे आलं यात?

(निवडणूक जाहीर झाली की आमच्यावर बंधनं येतात, नगरसेवकांचे कौतुकसोहळे बंद. याला इथले जुने लोक अजून 'पर्दा' म्हणतात. भारतातून इथे आलेला शब्द, आपल्या आचारसंहितेचा चुलतभाऊ. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा चाललीय.)

मामांशी माझा खरा वाद मात्र सिनेमाचा नाही, मराठीचा आहे. 'त्यांचा जनसंपर्क दांडगा होता' हे वाक्य आपण किती श्रद्धांजल्यांत वाचलंय. आमदाराच्या दारावर 'जनसंपर्क कार्यालय' अशी पाटी असते आणि तिथे कुणी पार्ट्यांचं विचारत नाही. तेच वाक्य बाईबद्दल म्हणून बघा. 'तिचा जनसंपर्क दांडगा आहे.' ऐकणाऱ्याच्या भुवया कुठे जातात? ही भुवई कुठल्या दिग्दर्शकाने शिकवलेली नाही, ती सिनेमाच्या आधीपासून घरात आहे. सिनेमाने तिला फक्त झगमगीत कपडे दिले. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जिल्हा कार्यालयांत बायका कामाला असतात, पुराच्या रात्री धरणाच्या विसर्गाचे आकडे पत्रकारांना पाठवतात. त्यांच्यावर चित्रपट निघालेला मी पाहिलेला नाही.

नाशिकचं स्थळ बारगळलं. नकार मामेबहिणीनेच कळवला, तीन ओळींत, अगदी नीट.

परवा मोठ्या मामांचा तिला फोन. सोसायटीच्या गणपतीचं यंदा पन्नासावं वर्ष, कुठे बातमी लागेल का? फोटोत अध्यक्ष म्हणून ते मधोमध आले तर बरं. ती म्हणाली, लावते, आधी प्रेस नोट लिहून पाठवा. मामा अजून पहिल्या वाक्यावर आहेत.