क्रॅकमध्ये आमचंच निळं ग्रीस निघालं

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला. लगेच उत्तर ठोकणार होतो पण बायको म्हणाली रागात टाइप करू नका, ते बरं झालं, कारण तेव्हा जे लिहिलेलं ते सगळं स्वतःला वाचवायला होतं आणि त्यातलं निम्मं खरंही नव्हतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सरांनी 14 महिन्यांपूर्वी आमच्या दुकानातून 20 इंची चाकांची, अॅल्युमिनियमची फोल्डिंग सायकल घेतली. घोडबंदर रोडने ठाणे स्टेशन, तिथे घडी घालून लगेजच्या डब्यात, कांजूरमार्गला उतरून पुन्हा उघडायची आणि पवईला ऑफिस. गेल्या महिन्यात कापूरबावडीजवळ चालत्या सायकलची फ्रेम मधल्या बिजागरीपाशी तुटली, हनुवटीला तीन टाके पडले. सरांचं म्हणणं, आम्ही डिफेक्टिव्ह माल गळ्यात मारला, टिकटिक आवाज येतो म्हणून आधी दाखवली तेव्हा लक्ष दिलं नाही, आणि तुटल्यावर काउंटरवर "तुमचंच वजन जास्त आहे" असं ऐकवलं. शेवटी लिहिलंय की फोल्डिंग सायकल म्हणजे मृत्यूचा सापळा, कोणी घेऊ नका.

काउंटरवरचं आधी. ते बोलणारा माझा पुतण्या. माणूस टाके घालून समोर उभा आहे आणि आपण त्याचं वजन काढतोय, हे मला दुसऱ्याकडून कळलं तेव्हाच लाज वाटली. माफी मागतो, तोही मागेल, समोर आल्यावर.

आता आवाजाचं. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी आला होतात, पेडल जोरात मारलं की टिकटिक येतं म्हणून. दुकानात काम करणाऱ्या पोराने बिजागरी उघडली, पुसली, ग्रीस मारलं, लॅचचा, म्हणजे बिजागरी बंद धरून ठेवणाऱ्या खटक्याचा, नट अर्धा आटा आवळला, आवाज गेला, 150 रुपये घेतले. मला सांगितलं "ड्राय झालेली". बहुतेक वेळा तसंच असतं हो, फोल्डिंगचं बिजागर कोरडं पडलं की कुरकुरतंच, त्यामुळे मीही ऐकून सोडून दिलं. तुटल्यावर तुम्ही दोन्ही तुकडे दुकानात टाकून गेलात ते मी चार दिवस बघितलेसुद्धा नव्हते. रिव्ह्यू वाचल्यावर सोमवारी, दुकान बंद असताना, टॉर्च घेऊन बसलो. तुटलेल्या कडेचा साधारण एक तृतीयांश भाग काळपट, मळलेला, आणि बाकीचा एकदम चांदीसारखा चमकणारा. म्हणजे काळा भाग आधीच केव्हातरी चिरलेला होता, हळूहळू वाढत गेला, आणि उरलेला त्या दिवशी एका झटक्यात गेला. आणि त्या काळ्या भागात निळं ग्रीस. आम्ही वापरतो तेच. म्हणजे आमच्या पोराने ग्रीस मारलं तेव्हा चीर तिथे होती, वेल्डच्या खालच्या बाजूला, सायकल उलटी करून कपड्याने पुसून बघितली असती तर रंगावर केसासारखी रेघ दिसली असती कदाचित. नाही बघितली. तक्रार घेऊन आलेल्या आवाजाला आम्ही ग्रीस लावून गप्प केलं, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही विचारलंय की आयएसओ टेस्ट पास लिहिलेलं होतं ना, मग तुटली कशी. आयएसओ 4210 म्हणजे सायकलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यात पेडलवर आळीपाळीने 1,00,000 वेळा जोर देऊन फ्रेम बघतात, जोरही साध्या पेडलिंगपेक्षा बराच जास्त असतो, टेस्ट खोटी नाही. पण ती नव्या कोऱ्या फ्रेमची, लॅच नीट बसलेली असताना. साध्या सायकलला त्रिकोण असतो, भार वाटला जातो, फोल्डिंगला मध्ये एकच जाड नळी आणि तीही कापून बिजागर लावलेली, सगळा पीळ तिथे येतो. त्यात चाक लहान, मोठं चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जातं त्यात 20 इंची पूर्ण बसतं, आणि पावसाळ्यात घोडबंदर रोडचे खड्डे मी काय सांगायचे तुम्हाला. स्टील एका मर्यादेखालचे धक्के वर्षानुवर्षं पचवतं, अॅल्युमिनियमचं तसं नाही, ते प्रत्येक धक्का कुठेतरी मांडून ठेवतं. लॅच जराशी सैल राहिली की बिजागराचे दोन तोंड एकमेकांवर आपटत राहतात आणि भार एका कडेवर येतो. लॅच बंद करताना तळहाताने जोर द्यावा लागला पाहिजे इतकी घट्ट हवी, एका बोटाने बंद होत असेल तर सैल आहे. हे विकतानाच दाखवायला हवं होतं, तुम्हाला दाखवलं का मला आठवत नाही, म्हणजे बहुधा नाही.

पण "डिफेक्टिव्ह माल" हे मला मान्य नाही. वेल्डमध्ये बुडबुडा किंवा फट मला तरी दिसली नाही. आणि तुमच्याच रिव्ह्यूमधलं एक वाक्य, "रोज मुलीला स्कूल बसपर्यंत मागे बसवून न्यायचो, त्या दिवशी तिला सुट्टी होती म्हणून वाचलो". सर, ते वाचून झोप उडाली माझी. स्टिकरवर लिमिट 105 किलो, सामानासकट. तुमचं 88, बॅग 7 धरा, मुलगी 20 तरी असेल, 115 झाले, आणि तेही मागच्या टोकाला. कंपनीने फोटोत कॅरिअरवरची गादी बघूनच क्लेम उडवला. मी त्यांना तुकड्यांचे नवे फोटो पाठवलेत, पण खरं सांगू, फार आशा नाही. आणि हे तुमच्यावर ढकलतोय असं समजू नका, तो कॅरिअर आम्हीच विकला आणि त्यावर काय ठेवणार हे एका शब्दाने विचारलं नाही.

सापळा वगैरे म्हणाल तर मी स्वतः सात वर्षं फोल्डिंगच चालवतो. ब्रॉम्प्टनसारख्या नावाजलेल्या कंपनीनेसुद्धा 2017 ला बॉटम ब्रॅकेटचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही पेडलांच्या मधला दांडा, तुटू शकतो म्हणून 2014 पासूनच्या सायकली रिकॉल केल्या होत्या, तरी लोक त्या चालवतातच, कारण पार्ट बदलून मिळाला. फोल्डिंगवर लक्ष जास्त ठेवावं लागतं, एवढं कबूल.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की जवळचा वेल्डिंगवाला 800 रुपयांत जोडून देतोय. प्लीज नका करू. गरम केलं की जोडाच्या आजूबाजूचं अॅल्युमिनियम मऊ पडतं, कारखान्यात वेल्डनंतर फ्रेम पुन्हा भट्टीत घालतात ते उगाच नाही. दिसायला मस्त दिसेल आणि पुन्हा तिथेच जाईल.

कंपनीचं उत्तर काहीही येवो, सायकलचे पूर्ण 31,500 मी देतोय, ते 150 पण, आणि टाक्यांचं बिल आणा. आवाजाची तक्रार वॉरंटीत असताना आमच्याकडे आली होती, त्यामुळे यात घासाघीस नाही. रिव्ह्यू काढा म्हणणार नाही, स्टारही राहू द्या. आता सर्व्हिसिंगला फोल्डिंग आली की लॅच उघडून, सायकल उलटी करून वेल्ड पुसून बघायचं आणि फोटो कस्टमरला पाठवायचा, असं सुरू केलंय. पहिल्या आठवड्यातच एक हँडलपोस्ट, म्हणजे हँडलखालचा उभा दांडा, चिरलेला सापडला, त्या बाईंना आवाजसुद्धा येत नव्हता.

सोमवार सोडून कधीही या, अकरानंतर मी असतो. तुकडे काउंटरखाली ठेवलेत, भंगारात दिलेले नाहीत, तुम्हाला स्वतःला ते निळं ग्रीस बघायचं असेल तर.