काढलं, पण गेलं नाही

‘त्याला मोबाइलमधलं कळतं’ अशी भावकीत एकदा ख्याती झाली, की त्या माणसाच्या दिवाळीचं वाटोळं झालंच म्हणून समजा. चपला काढायच्या आत मामांचा मोबाइल हातात पडतो. “बघ बरं बाबा, लई हँग व्हायलाय.” पारदर्शक कव्हरच्या आत तुळजाभवानीचा फोटो, फोटोमागं पंपावरची पावती, पावतीमागं कुणाचा तरी नंबर लिहिलेली चिठ्ठी. मोबाइल 64 जीबीचा आणि वर पट्टी झळकते: जागा संपत आली आहे.

“यात काय काय टाकलंय मामा?”

“मी काहीच टाकलं नाही.”

हे खोटं वाटतं, पण निम्मं खरं असतं. स्वस्त मोबाइल पहिल्यांदा चालू करताना ‘शिफारस केलेली ॲप्स’ म्हणून एक यादी येते. तिच्यातल्या चौकटीत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या असतात आणि खाली भलंमोठं ‘ओके’. माणूस ओके दाबतो. वर्षाकाठी मोठा अपडेट आला की बऱ्याच मोबाइलवर तीच यादी पुन्हा दारात उभी. शिवाय ‘हॉट ॲप्स’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यातल्या चित्रावर बोट पडलं की ॲप उतरायला लागतं. हा फोल्डर उघडून त्याच्या सेटिंगमधली शिफारस बंद करणं हे पहिलं काम, नाहीतर आपण पुढून काढतोय आणि मागून भरती चालूच.

मामांनी आपल्यापरीनं साफसफाई केलेलीच असते. चित्र दाबून धरायचं आणि वर ओढायचं. वर दोन शब्द येतात, ‘रिमूव्ह’ आणि ‘अनइन्स्टॉल’, आणि मामांचा अंगठा जाड. चित्र रिमूव्हवर सुटतं, स्क्रीन चकाचक होते, ॲप मात्र आत जागच्या जागी बसलेलं. आयफोनवाल्या जावयांनी हसू नये. तिथंही ‘रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन’ केलेली ॲप्स शेवटच्या पानापलीकडच्या ॲप लायब्ररीत गुण्यागोविंदानं नांदत असतात.

म्हणून चित्रांच्या नादी न लागता प्ले स्टोअर उघडावं. वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी, ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’, मग ‘मॅनेज’. यादीचा क्रम ‘लीस्ट यूज्ड’ लावला की कोणाकडं कधी ढुंकूनही पाहिलं नाही ते वर येतं. खुणा करत जायचं, वरची कचरापेटी दाबायची. लुडोचे तीन प्रकार, दोन टॉर्च (मोबाइलला स्वतःची टॉर्च असताना), एक ‘फोन क्लीनर’. हा क्लीनर सगळ्यांत नामी. दर तासाला ‘तुमच्या मोबाइलमध्ये कचरा सापडला’ म्हणून ओरडतो, आणि सापडलेला कचरा बहुतेक तो स्वतःच असतो.

घरातली पोरगी लातूरला नीटच्या क्लासला असेल तर आणखी एक पीक असतं: दर क्लासचं वेगळं ॲप. यांना हात लावायच्या आधी पोरीला फोन करायचा. त्यात उतरवून ठेवलेली लेक्चरं ॲपबरोबर जातात आणि मग दिवाळीचा फराळही जात नाही.

आता कंपनीनं आतूनच बसवलेली ॲप्स. तिथं ‘अनइन्स्टॉल’ नसतंच. फार तर ‘डिसेबल’ आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. डिसेबल म्हणजे वाड्यातल्या कुळाची वीज तोडून दार बाहेरून ओढून घेणं. गलका थांबतो, खोली रिकामी होत नाही. कारण ही ॲप्स असतात सिस्टिमच्या विभागात, जिथं वापरणाऱ्याला लिहायची वा खोडायची मुभाच नाही. आधी अपडेट्स काढावेत, डेटा साफ करावा, मग डिसेबल. तेवढी तरी जागा सुटते. हा जाच फक्त मामांचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं 2022 च्या ऑक्टोबरात गूगलला 1337.76 कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा गूगलची आधीपासून बसवलेली ॲप्स लोकांना काढता आली पाहिजेत, असाही एक आदेश दिला होता. 2023 च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला आणि जे काही आदेश रद्द केले, त्यात हाही गेला.

एखादा शहाणा भाचा इथं लॅपटॉप काढतो. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या, डेव्हलपर ऑप्शन्स, यूएसबी डीबगिंग, मग काळ्या पडद्यावर हुकूम. ॲप दिसेनासं होतं खरं, पण ते फक्त त्या वापरकर्त्यापुरतं. मूळ फाइल तिथंच राहते, जागा वाढत नाही, आणि फॅक्टरी रीसेट केलं की परत हजर. भलतंच काही उडालं तर मोबाइल कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसतो. भाच्याला चकली द्यावी आणि लॅपटॉप मिटवावा.

मधूनच पूर्ण पडदाभर जाहिरात येते. फुली दाबायची नाही. खालचं चौकोनी बटण दाबायचं. उघड्या ॲप्सच्या कार्डांत जाहिरातीच्या डोक्यावर खऱ्या धन्याचं चित्र दिसतं. कधी ते चित्रच कोरं असतं, नावही नसतं. त्या कोऱ्या चित्रावर बोट ठेवून ‘ॲप इन्फो’त जायचं. तिथं अनइन्स्टॉल फिकट दिसलं, तर त्यानं ‘डिव्हाइस ॲडमिन’चा अधिकार मिळवलेला असतो. सेटिंगमध्ये तेच नाव शोधून आधी अधिकार काढायचा, मग ॲप. सेटिंगच उघडू देत नसेल तर पॉवर बटण धरून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवायचं, बऱ्याच मोबाइलवर सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरून आलेली ॲप्स चालत नाहीत.

व्हॉट्सॲपवरून आलेली ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘चलान’ एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) निघाली आणि मामांनी ती उघडलीय, तर मात्र हसणं बंद. आधी एअरप्लेन मोड, कारण असली ॲप्स ओटीपीचे मेसेज वाचतात. दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला फोन. पैसे गेले असतील तर लगोलग 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. काढाकाढी त्यानंतर.

काही ॲप्स लीस्ट यूज्डमध्ये सगळ्यांत वर असूनही काढायची नसतात. ‘दामिनी’ आठ महिने कुणी उघडत नाही, पण ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं आणि आपल्याकडं जूनमध्ये माणसं रानात असतात. उलट त्याच्या माहितीत जाऊन ‘न वापरल्यास थांबवा’ अशा अर्थाचं बटण बंद करायचं. नाहीतर काही महिन्यांनी अँड्रॉइड गुपचूप त्याची लोकेशनची परवानगी काढून घेतं आणि ऐन पावसाळ्यात दामिनी मुकी. ई-पीक पाहणीचंही तसंच: सोयाबीनचा फोटो काढलाय पण रेंज नव्हती म्हणून अपलोड राहिलाय, तर त्याला हात लावायचा नाही. पैसे कापणारं ॲप नुसतं काढून भागत नाही. प्ले स्टोअरमधलं सबस्क्रिप्शन आणि यूपीआयमधला ऑटोपे वेगळा रद्द करावा लागतो.

एवढं करून जागा किती सुटली? दोनेक जीबी. खरा ऐवज व्हॉट्सॲपमध्ये असतो. सेटिंग, ‘स्टोरेज अँड डेटा’, ‘मॅनेज स्टोरेज’. तिथं ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ असा सरळ ढीगच लावून ठेवलेला असतो. तो डोळे झाकून उडवावा. ‘5 एमबीपेक्षा मोठं’ या ढिगात कीर्तनं असतात, बैलजोडीचे व्हिडिओ असतात. तो उडवताना मामांना शेजारी बसवून घ्यावं, एकेक दाखवावं आणि वेळ गेला तरी जाऊ द्यावा. त्याच ढिगात पीकविम्याची स्कॅन केलेली पावती असू शकते, आणि तिची दुसरी प्रत मामांकडं नसते.