ज्यांच्या नोंदींना तुम्ही कचरा म्हणता

आज पुण्यात एका कार्यक्रमाला गेले होते. आदिवासी भागातला आरोग्याचा डेटा संशोधनासाठी कसा वापरता येईल, असा विषय. एक साहेब माइकवरून म्हणाले, "फील्डवरून येतो तो निम्मा कचराच असतो, गावातल्या आशा सेविकांना नोंदी भरताच येत नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आले. अजून डोकं तापलेलंच आहे.

माझी चुलत वहिनी नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या धडगाव तालुक्यात आशा सेविका आहे. पाड्यावर रेंज नसते. म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीतलं प्रत्येक नाव आधी वहीत लिहायचं, मग टेकडीवर चढून मोबाईलमध्ये भरायचं. मध्येच रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. हा कचरा?

गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेने कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या गावातल्या बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करा, श्वास मोजा, लिहून ठेवा. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, ते त्यातूनच आलं.

चुका होतात, मान्य. एकाच मुलीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं मीही पाहिलंय. पण पाठ्यपुस्तकासारखा डेटा हवा असेल तर आधी टॉवर उभारा.

वहिनीच्या पाड्यावरची एक मुलगी एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आल्याने तिला सिकलसेलचा आजारच आहे. नोंद रीतसर ऑनलाइन भरलेली. रात्री हातापायांत कळा सुरू झाल्या म्हणून तिला एका दवाखान्यात नेलं, तर पहिला प्रश्न, "कधी रक्त तपासलंय का?" कॉम्प्युटर कुणी उघडला नाही. वहिनीने वहीचं पान पुढे धरलं, तेव्हा कुठे सलाईन लागलं. दिल्लीच्या तक्त्यात ती पोर मोजली गेली होती, पण उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला ती माहीतच नव्हती. हे मला सहन होत नाही.

आणि तरीही डेटा गोळा करू नका, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतचे ७ कोटी लोक तपासायचं ठरलं. एकाच पाड्यावर एका एसएस पोराला सारख्या कळा येतात आणि दुसरा शेतात राबतो, असं का? कुणाला कोणतं औषध किती द्यायचं? याचं उत्तर वर्षानुवर्षांच्या हजारो नोंदींतूनच मिळेल. आमच्या लोकांना ते हवंय. नाव फुटलं तर मुलीचं लग्न मोडतं, ही भीती खरी आहे. म्हणून नावं काढूनच नोंदी संशोधकांना द्या.

माझ्या यादीत संशोधनातले बरेच जण आहात. पुढच्या प्रस्तावात आशांच्या नोंदीचे पैसे वेगळे धरा. निष्कर्ष पाड्यावर जाऊन पावरीत, म्हणजे आमच्या बोलीत, सांगणाऱ्या माणसाचाही खर्च धरा. धडगावला यायचं असेल तर मला मेसेज करा, वहिनीशी गाठ घालून देते.