याना नोव्होत्ना ‘चोकर’ होती? गुणफलक तसं सांगत नाही

विम्बल्डन जवळ आलं की एक फोटो फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. उपविजेतेपदाची थाळी घ्यायला आलेली चेक टेनिसपटू याना नोव्होत्ना सेंटर कोर्टवर ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते आहे. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो: नोव्होत्ना म्हणजे टेनिसमधली सगळ्यात मोठी ‘चोकर’ (मोक्याच्या क्षणी हात गळणारी खेळाडू), १९९३ चं विम्बल्डन तिने हातात येऊन घालवलं, त्या धक्क्यातून पाच वर्षं सावरली नाही, १९९८ मध्ये अंतिम फेरीत दुबळी प्रतिस्पर्धी मिळाली म्हणून एकदाचा कप लागला, एरवी ती दुहेरीची खेळाडू. यातलं १९९३ चं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची खोटी आहेत, आणि तीही सहज तपासता येण्याजोगी.

दावा पहिला: १९९३ ची अंतिम फेरी तिने घाबरून घालवली

आधी जे खरं आहे ते मान्य करू. ३ जुलै १९९३. पहिला सेट स्टेफी ग्राफने टायब्रेकरमध्ये (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) ८-६ असा काढला, दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा. तिसऱ्यात नोव्होत्ना ४-१ पुढे, सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. हा एक गुण आणि ५-१. तिथे तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे पहिली आणि दुसरी, दोन्ही सर्व्हिस चुकवल्या. तो गेम गेला, पाठोपाठ आणखी चार गेले, आणि ६-४ ने सेट ग्राफचा. हे कोसळणंच होतं. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

पण कोसळलं काय, हे कुणी बघत नाही. सर्व्हिसची पाळी मोजा. ४-१ चा गेम नोव्होत्नाच्या सर्व्हिसचा, ४-२ चा ग्राफच्या, ४-३ चा नोव्होत्नाच्या, ४-४ चा ग्राफच्या, ४-५ चा पुन्हा नोव्होत्नाच्या. म्हणजे ग्राफने आपल्या दोन सर्व्हिस राखल्या, ज्यात नवल काहीच नाही, आणि नोव्होत्नाची सर्व्हिस सलग तीनदा भेदली. सामना फिरला तो तिच्या सर्व्हिसवर, त्यातही दुसऱ्या सर्व्हिसवर.

बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेघेवर, उभी राहणारी खेळाडू दुसरी सर्व्हिस नुसती आत टाकून रॅलीला सुरुवात करू शकते. नोव्होत्ना गवतावर सर्व्हिसमागोमाग नेटकडे धावायची. अशा खेळाडूला दुसरी सर्व्हिसही खोल आणि उसळणारी लागते. ती आखूड पडली तर रिटर्न थेट पायाशी येतो आणि पहिली व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका) खालून उचलावी लागते. गवतावर चेंडू मुळातच खाली राहतो, त्यामुळे ती आणखी अवघड. शिवाय ४०-३० ला आधी पाच गुण खेळून झालेले असतात, म्हणून ही सर्व्हिस डाव्या बाजूने होते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या ग्राफचा बॅकहँड बाहेरच्या कडेला येतो. कागदावर ही सोयीची जागा. प्रत्यक्षात ग्राफ मंद सर्व्हिस दिसली की त्याच कोपऱ्यात सरकून फोरहँड हाणायची, आणि त्या काळात तिच्या फोरहँडएवढा जबर फटका महिला टेनिसमध्ये दुसरा नव्हता. सुरक्षित दुसरी सर्व्हिस हा पर्याय नोव्होत्नाकडे त्या दिवशी नव्हताच.

ताण आला की बिघाड कुठे होतो, हे सर्व्हिस शिकवणारा कुणीही सांगेल. मूठ आवळली जाते, मनगट अखडतं, टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, नेहमीच्या जागी जात नाही. मग खेळाडू सांभाळून मारायला जाते, हात मध्येच आवरता घेते. हात आवरला की रॅकेटचा वेग पडतो, वेग पडला की फिरकी कमी होते, आणि नेटवरून गेलेल्या चेंडूला खाली ओढणारी तर फिरकीच असते. बेसलाइनपासून नेट ११.८८५ मीटरवर, मध्यभागी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, आणि पलीकडे चेंडू टाकायला फक्त ६.४० मीटर खोलीची चौकट. फिरकी नसेल तर बेतानं मारलेला चेंडूही चौकटीबाहेर जातो. उपाय नेमका उलटा असतो: हात पूर्ण वेगाने फिरवायचा आणि फिरकी वाढवायची. ४-१ वर असताना, समोर ग्राफ असताना, हे करायला जी शांतता लागते ती नोव्होत्नाकडे त्या अर्ध्या तासात नव्हती. दोष इतकाच आहे, आणि तो एका सामन्याचा आहे.

त्या सामन्यापर्यंत ती कशी पोहोचली हेही पोस्टमध्ये कधी नसतं. उपांत्यपूर्व फेरीत गॅब्रिएला सबातिनीला ६-४, ६-३. उपांत्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाला ६-४, ६-४, म्हणजे नऊ वेळच्या विम्बल्डन विजेतीला तिच्याच गवतावर सरळ दोन सेटमध्ये. दबावाखाली मोडणाऱ्या खेळाडूच्या हातून हे होत नाही.

मोक्याच्या क्षणी हात गळणं ही एखाद्या खेळाडूची सवय आहे असं म्हणायचं असेल, तर ताणले गेलेले बाकीचे सामनेही काढायला हवेत. १९९१ ची ऑस्ट्रेलियन ओपन, उपांत्यपूर्व फेरी: समोर हीच ग्राफ, पहिला सेट गमावलेला, आणि नोव्होत्ना ५-७, ६-४, ८-६ ने जिंकली. १९९६ चं अटलांटा ऑलिम्पिक, उपांत्यपूर्व फेरी: समोर मोनिका सेलेस, तीही अमेरिकी प्रेक्षकांपुढे, आणि निकाल ७-५, ३-६, ८-६ नोव्होत्नाच्या बाजूने. दोन्हीकडे तिसरा सेट टायब्रेकरशिवाय लांबला आणि दोन्हीकडे शेवटपर्यंत तीच टिकली. विरुद्ध बाजूचा दाखलाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. १९९५ च्या फ्रेंच ओपनमध्ये चंदा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-० आणि ४०-० अशी पुढे असताना, नऊ मॅच पॉइंट हातचे घालवून ती ८-६ ने हरली. हा पराभव १९९३ पेक्षाही बोचरा होता असं आमचं मत आहे, कारण समोर ग्राफ नव्हती आणि अंतरही मोठं होतं. दोन्ही प्रकारचे सामने तिच्या नावावर आहेत. पोस्टवाले एकाच प्रकारचे मोजतात.

दावा दुसरा: त्या धक्क्यातून ती पाच वर्षं सावरली नाही

हा दावा सगळ्यांत जास्त फिरतो आणि सगळ्यांत जास्त खोटा आहे. १९९३ नंतरची तिची विम्बल्डनमधली कामगिरी बघा. १९९४ ला उपांत्यपूर्व फेरी, पराभव नवरातिलोवाकडून. १९९५ ला उपांत्य फेरी, पराभव ग्राफकडून, तोही पहिला सेट ७-५ ने जिंकून. १९९६ ला उपांत्यपूर्व, पुन्हा ग्राफ. १९९७ ला अंतिम फेरी, मार्टिना हिंगीस. १९९८ ला विजेतेपद. १९९९ ला उपांत्यपूर्व, लिंडसे डेव्हनपोर्ट. १९९३ धरून सलग सात वर्षं ती शेवटच्या आठांच्या आत आहे. आणि या काळात जिने तिला हरवलं, तिनेच त्या वर्षी विम्बल्डन जिंकलं. अपवाद फक्त १९९४ चा, आणि त्या वर्षीही नवरातिलोवा अंतिम फेरीपर्यंत गेली. खचलेली खेळाडू तिसऱ्या फेरीत कुणा अनोळखी मुलीकडून हरते. नोव्होत्नाला बाहेर काढायला दर वर्षी जवळपास त्या वर्षीची विजेतीच लागली.

१९९५ चं रुबिन प्रकरण घडल्यावर काही आठवड्यांतच विम्बल्डन सुरू झालं. तिथे ती एकेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि अरांत्सा सांचेझ व्हिकारिओबरोबर दुहेरीचं विजेतेपद घेऊन परतली. १९९७ ची अंतिम फेरी ती हिंगीसकडून २-६, ६-३, ६-३ अशी हरली. त्या वर्षी हिंगीसने चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या होत्या, हे विसरू नये. हरल्यावर नोव्होत्ना त्याच महिन्यात जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर पोहोचली. सप्टेंबरमध्ये डेव्हनपोर्टबरोबर अमेरिकन ओपनची दुहेरी जिंकली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला मोसमाची अखेरची स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत मेरी पिअर्सला ७-६, ६-२, ६-३ असं हरवून. तिथे महिलांची अंतिम फेरी त्या काळी पाच सेटची असायची. ‘न सावरलेल्या’ खेळाडूचे हे पाच महिने.

दावा तिसरा: १९९८ ला सोपी अंतिम फेरी मिळाली म्हणून जिंकली

अंतिम फेरीत समोर सोळावी मानांकित नताली तोझिया होती, एवढं धरून हा दावा केला जातो. मात्र विम्बल्डन हे सात सामन्यांचं असतं. नोव्होत्नाला तिसरं मानांकन होतं. उपांत्यपूर्व फेरीत तिने व्हीनस विल्यम्सला ७-५, ७-६ असं काढलं. उपांत्य फेरीत अग्रमानांकित, गतविजेती, वर्षापूर्वी तिलाच अंतिम फेरीत हरवणारी हिंगीस. निकाल ६-४, ६-४. त्या वर्षीच्या अर्ध्या ड्रॉमध्ये याहून खडतर वाट दुसरी काढता आली नसती.

तोझियाही दुबळी नव्हती. तिने दुसऱ्या मानांकित डेव्हनपोर्टला सरळ दोन सेटमध्ये बाहेर केलं होतं. उपांत्य फेरीत तिने हरवलेल्या नताशा झ्वेरेव्हाने आधी ग्राफ आणि मग सेलेस, दोघींना घरी पाठवलं होतं. ग्राफ नव्हती म्हणून नोव्होत्नाला रान मोकळं मिळालं, असंही लिहिलं जातं. ग्राफ स्पर्धेत होती. तिसऱ्या फेरीत हरली.

४ जुलै १९९८ चा निकाल ६-४, ७-६. टायब्रेकर नोव्होत्नाने ७-२ असा घेतला, आणि ‘चोकर’ म्हणणाऱ्यांनी नेमका तोच पाहायला हवा. टायब्रेकरमध्ये पहिला गुण एकीच्या सर्व्हिसवर, मग दोन-दोन गुणांनी पाळी बदलते. नऊ गुणांच्या टायब्रेकरमध्ये कुणाच्याही वाट्याला जास्तीत जास्त पाच सर्व्हिस येतात. सात गुण मिळवायचे तर किमान दोन समोरचीच्या सर्व्हिसवर काढावे लागतात. दोन अंतिम फेऱ्या गमावलेली, तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची खेळाडू हे विजेतेपदाच्या टायब्रेकरमध्ये करून दाखवते. याला नशीब कसं म्हणायचं?

त्याच विम्बल्डनमध्ये, जिला उपांत्य फेरीत हरवलं त्या हिंगीसला जोडीला घेऊन ती दुहेरीही जिंकली. अंतिम फेरीचा निकाल ६-३, ३-६, ८-६. तिसरा सेट पुन्हा आठ-सहाच.

दावा चौथा: ती मुळात दुहेरीची खेळाडू

दुहेरीतली थोरवी खरी आहे. ७६ विजेतेपदं, त्यांत १२ ग्रँड स्लॅम, शिवाय जिम प्यूबरोबर मिश्र दुहेरीच्या ४. महिला दुहेरीतली १२ पाच वेगवेगळ्या जोडीदारांसह आली: हेलेना सुकोव्हा, जिजी फर्नांडेझ, सांचेझ व्हिकारिओ, डेव्हनपोर्ट, हिंगीस. १९९० मध्ये सुकोव्हा आणि ती मिळून पहिल्या तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकून बसल्या होत्या; चौथीतही अंतिम फेरी गाठली आणि तिथेच एका वर्षात चारही जिंकण्याची संधी हुकली. सोल आणि अटलांटा या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये या जोडीने रौप्यपदक घेतलं.

पण ‘दुहेरीची’ म्हणून एकेरी पुसायची हे चालणार नाही. एकेरीत तिची २४ विजेतेपदं आहेत, चार ग्रँड स्लॅम अंतिम फेऱ्या आहेत, अटलांटाचं कांस्यपदक आहे. दुहेरी आणि एकेरी ही तिच्या बाबतीत दोन वेगळी कामंही नव्हती. बॅकहँडचा कापलेला, खाली राहणारा रिटर्न, त्यामागोमाग नेटकडे धाव, पहिली व्हॉली खोल, दुसरी मोकळ्या जागेत: हे दुहेरीत रोज घोटलेलं तंत्र ती एकेरीत जसंच्या तसं वापरायची. १९९० पासून तिला घडवणारी हाना मांडलिकोव्हा स्वतः अशाच आक्रमक खेळाची, चार एकेरी ग्रँड स्लॅमची मानकरी. चेकोस्लोव्हाकियाच्या या घराण्यात नेटवरचा खेळ हा पायाचा भाग मानला जायचा.

हा वारसा पुढेही गेला. नोव्होत्ना ब्र्नोची, तिथलीच बार्बोरा क्रेजचिकोव्हा ज्युनिअर गटातून बाहेर पडताना तिच्याकडे मार्गदर्शनासाठी गेली. नोव्होत्नाचं १९ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी कर्करोगाने निधन झालं. तिच्या या शिष्येने पुढे २०२१ ची फ्रेंच ओपन आणि २०२४ चं विम्बल्डन एकेरीत जिंकलं, आणि दुहेरीत सात ग्रँड स्लॅम.

किरकोळ चुका

काही पोस्टमध्ये फोटोतल्या बाईंना इंग्लंडची राणी म्हटलेलं असतं. त्या डचेस ऑफ केंट, कॅथरिन. १९९८ चा विजेतेपदाचा करंडकही त्यांच्याच हस्ते दिला गेला. काही जण नोव्होत्नाला ‘पहिली ग्रँड स्लॅम जिंकणारी सर्वांत वयस्क महिला’ म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झालेल्या युगात, एकेरीपुरतं, १९९८ मध्ये ते बरोबर होतं. २०१० ला फ्रान्सेस्का स्कियाव्होनेने पॅरिसमध्ये तो विक्रम मोडला आणि २०१५ ला फ्लाव्हिया पेनेट्टाने ३३ व्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकून तो आणखी पुढे नेला. आणि १९९३ चा निकाल बऱ्याच पोस्टमध्ये सरळ दोन सेटचा दिलेला असतो. तो ७-६, १-६, ६-४ असा आहे.