प्रिंटर आहे की पिठाची गिरणी!

एक पान हवं असतं हो, एकच! पोराचं प्रोजेक्ट, रात्री साडेदहाला. बटण दाबलं की आमचा इंकजेट आधी घुर्रघुर्र करत बसणार. म्हणे नोझल (शाई फवारायची बारीक भोकं) साफ करतोय! म्हणजे छापायच्या आधीच माझी महागामोलाची शाई पंपाने ओढून तळाच्या स्पंजात. बरं, ते एक वेळ सोसलं. पण ती खाड... खाड? शाई फवारत इकडून तिकडे धावणारा हेडचा डबा थेट कडेला जाऊन आदळतो. झाकण उघडून बघावं तर समोर ती पारदर्शक पट्टी, बारीक रेघांची; तिच्यावरूनच त्याला कळतं, आपण कुठवर आलो ते. तिच्यावर शाईचा डाग पडला की साहेब आंधळे! प्लग काढून, ओलसर मऊ कापडाने हळूच पुसा, चार दिवस गप्प. मग कटकट कागद ओढणाऱ्या रोलरमधून. मागचा ट्रे कायम आ वासलेला. त्यात केसांची पिन, खोडरबर, काय वाट्टेल ते पडून रोलरमध्ये अडकतं. आणि कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर: ‘सर, एकदा बंद करून चालू करा.’ अरे, चालू केला म्हणूनच तर बोंबलतोय ना तो!