खुलासा: मीठ-तुरटी म्हणजे पक्कं कमावणं नव्हे

‘कातड्याला मीठ आणि तुरटी चोळा, वाळवा, टॅक्सीडर्मीसाठी वेगळं कमावायची गरज नाही,’ असा मेसेज नाशिकमधल्या ग्रुपांवर फिरतोय. टॅक्सीडर्मी म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं साच्यावर चढवून त्याला हुबेहूब रूप देणं. हा मेसेज अर्धवट खरा आहे आणि त्यापायी चांगली कातडी वाया जातात.

मीठ पाणी ओढून घेतं, कुजणं रोखतं. ते हवंच, तेही कातडं उतरवल्याबरोबर. उशीर झाला की केस सुटतात, मग कुठल्याच रसायनाने ते परत धरत नाहीत. तुरटीने कातडं पांढरं होतं खरं, पण तिची पकड कच्ची. पाणी लागलं की धुऊन निघते. पंचवटीत एका घरी बोकडाचं असं कातडं पाहिलं. ऐन श्रावणात मिठाला ओल सुटलेली. कानाच्या कडेला बोट लावलं, तर केस चिमटीत आले. फार हळहळ वाटली.

बाभळीची साल, हिरडा यांनी कातडं पक्कं होतं, पण वेळ लागतो आणि तपकिरी रंग चढतो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, निळसर झाक येते. साच्यावर चढवायचं कातडं ताणलं गेलं पाहिजे, म्हणून मी सिंथेटिक टॅन, म्हणजे कातडं कमावायचं कृत्रिम रसायनच सुचवेन. आधी आम्लाच्या पाण्यात भिजवून आतली बाजू पातळ तासायची, हे मात्र टाळू नका.

हे सगळं पाळीव जनावरांपुरतं. सिन्नर-निफाडकडे मेलेला बिबट्या दिसला, तर हात न लावता वनविभागाला कळवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तो सरकारी मालमत्ता असतो.