खुराक आणि मेहनत : आपल्या कोल्हापुरातल्या पाळीव कुत्र्यांविषयी

गेल्या दोन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या तिघांनी मला थांबवून विचारले, "वहिनी, कुत्र्याला पोटभर घालत न्हाईसा काय? पार वाळलंय की." आमचा सोन्या 7 वर्षांचा लॅब्रेडॉर आहे आणि तो वाळलेला नाही. त्याचे वजन 41 किलोवरून 32 किलोवर आले आहे आणि त्यासाठी आम्हा सगळ्या घराला 8 महिने लागले. विचारणाऱ्याला मी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून बघायला सांगते. आधी स्वतःच्या उपड्या हाताच्या पाठीवरून बोटे फिरवा, म्हणजे कातडीखाली हाडे जशी हलकी लागतात तशाच कुत्र्याच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. तळहातासारखे मऊ लागले तर चरबी वाढली आहे आणि वळलेल्या मुठीच्या सांध्यांसारखे टोचले तर कुत्रा खरोखर उपाशी आहे. बहुतेकांचे समाधान होत नाही, कारण गुबगुबीत कुत्रा म्हणजे सांभाळलेला कुत्रा हे आपल्या डोळ्यांत पक्के बसले आहे. धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा कारवानी कुत्रा आपण लहानपणापासून बघतो, त्याचे पोट आत गेलेले असते आणि तो दिवसभर थकत नाही, तरी दारातला कुत्रा मात्र आपल्याला गोलच हवा असतो.

आमच्याकडे हे मायेनेच झाले. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटे, दुपारी तूप लावलेली चपाती, संध्याकाळी मुलांच्या ताटातले काही, आणि बुधवारी-रविवारी मटणाचा भात. प्रत्येकाला वाटायचे की आपण घासभरच दिले आहे. मागच्या वर्षी एका सकाळी दाराच्या 3 पायऱ्या चढताना तो मधल्या पायरीवर थांबला, मागचे पाय थरथरले आणि तो माझ्याकडे बघत तिथेच बसला. डॉक्टरांनी सांध्यांचा फोटो काढला, झीज सुरू झाल्याचे दाखवले आणि सांगितले की वेदनेचे औषध देतो, पण खरे औषध वजन उतरवणे हेच आहे. माझे सासरे तरुणपणी तालमीत लाल मातीत उतरलेले. ते एवढेच म्हणाले, "खुराक हाय, मेहनत न्हाई. मग अंगावर साठणारच." ज्या शहरात 1912 साली बांधलेले खासबाग कुस्ती मैदान अजून उभे आहे, ज्या शहरात पैलवानाच्या बदाम-दुधाचा हिशेब जोर-बैठकांशी घातला जातो, त्या शहरातल्या माणसांना हा नियम समजावून सांगावा लागू नये. तरी आपण तो कुत्र्याला लावत नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती आधी स्वतःविरुद्ध आहे.

यात केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांचा जन्मभर अभ्यास झाला. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणे दिले. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) 13 वर्षे होते आणि दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे. सांधेदुखीही पहिल्या गटात उशिरा आली. जवळजवळ 2 वर्षांची सोबत आपण बिस्किटांच्या पुड्यांवर घालवतो, हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की सुमारे चारांपैकी एका लॅब्रेडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. म्हणजे ताटाशेजारी बसून तो ज्या नजरेने बघतो ती नजर बऱ्याचदा पोट रिकामे असल्याची खूण नसते, आणि तिच्यावर विश्वास ठेवून त्याला वाढणे म्हणजे त्याच्या आजाराला वाढणे होय.

मटणाच्या भाताविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या गावात त्यावाचून आठवडा जात नाही. तांबडा असो वा पांढरा, रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे कोणालाही रश्श्याची शंका येत नाही. वरचा तवंग स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. शिजलेले हाड तर सर्वांत धोक्याचे, कारण ते चावताना उभे चिरते आणि त्याची धारदार सळी घशात किंवा आतड्यात रुतते. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट यांतले काहीही थोडेसुद्धा देऊ नये. माणसांच्या ताप-वेदनेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत, त्यांनी कुत्र्याचे यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

मेहनतीचा भाग आम्ही हळूहळू वाढवला. पहिल्या आठवड्यात 10 मिनिटे, मग 15, आणि आता सकाळी साडेपाचला मंगळवार पेठेतून रंकाळा तलावाच्या रस्त्याने पाऊण तास. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरावे, त्याहून घाई करू नये असे डॉक्टरांनी बजावले होते. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर कुत्र्याला डांबरी रस्त्यावर नेऊच नये. हाताची पाठ रस्त्यावर 7 सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजणारच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. दुचाकीला साखळी बांधून कुत्रा पळवणारी तरुण मुले मला रोज दिसतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हे थांबवा. दमल्यावर थांबण्याचा निर्णय त्या जनावराच्या हातात राहत नाही, आणि एक ठेच लागली की तो चाकाखाली असतो. दिवसभर जिन्याखाली साखळीला बांधलेल्या कुत्र्याच्याही हातात काही राहत नाही.

आपला पावसाळा कुत्र्यांसाठी कठीण असतो. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. म्हणून त्याची लस दरवर्षी पावसाच्या आधी द्यावी आणि फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तलावावर हिरवा थर असेल तर कुत्र्याला त्यात उतरवू नये. आमच्यावर खरा प्रसंग आला तो गोचिडीमुळे. 2 दिवस सोन्या मलूल होता आणि मी उन्हाचा त्रास समजले. तिसऱ्या दिवशी ओठ वर करून पाहिले तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. रक्त तपासले तेव्हा गोचीड-तापाने प्लेटलेट खाली आल्याचे कळले. तेव्हापासून रोज रात्री मी कानांची आतली बाजू, पट्ट्याखालची जागा आणि बोटांमधली कातडी बोटांनी चाचपते. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढते. रॉकेल किंवा निखारा लावायचा नसतो, त्याने कातडी भाजते आणि गोचिडीतले रोगजंतू आत जाण्याची भीती वाढते.

लसींविषयी थोडक्यात सांगते. पिल्लाला 6 ते 8 आठवड्यांपासून डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची लस, 3 महिन्यांचे झाले की रेबीजची, आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर 3 महिन्यांनी जंताचे औषध. रेबीजची लक्षणे दिसल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही, म्हणून ही लस चुकवणे म्हणजे घरातल्या लेकराबाळांशी खेळणे आहे.

आता रविवारी मटण शिजायला घातले की सासूबाई मीठ आणि वाटण पडायच्या आधीच 4 बिनहाडाचे, बिनचरबीचे तुकडे काढून घेतात, ते वजनकाट्यावर 50 ग्रॅम मोजून घेतात आणि रात्रीच्या खाण्यातून तेवढे वजा करून सोन्याचे भांडे भरतात. काटा त्यांनी स्वतःच मागून घेतला. तो चुलीशेजारी मिठाच्या बरणीजवळ ठेवलेला असतो.